डोंगर निळे का दिसतात?

मुळशीच्या जलाशयाकाठी उभे राहून सकाळी पश्चिमेकडे पाहा. सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक दिसतात. जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळसर, आणि अगदी शेवटची जवळजवळ आकाशात मिसळलेली. झाडी आणि खडक तर सगळीकडे सारखेच! मग रंग का बदलतो?

याचे उत्तर मधल्या हवेत आहे. हवेचे रेणू तांबड्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतात. या निळ्या प्रकाशाचा पडदा आपल्या आणि डोंगराच्या मध्ये पसरतो. अंतर जितके जास्त, तितका पडदा दाट.

शरद ऋतूच्या आरंभी पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, म्हणून हा पडदा स्वच्छ निळा असतो. हेमंतात चित्र पालटते. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यालगतची गार, जड हवा दरीत उतरते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. धूर, धूळ आणि धुके या झाकणाखाली कोंडले जातात. त्यांचे मोठे कण सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून पडदा पांढुरका होतो आणि दूरच्या रांगा पुसट होतात.

सूर्यही दक्षिणेकडे कलतो. १ ऑक्टोबरला माध्यान्ही तो येथे क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंच असतो, तर २२ डिसेंबरला केवळ ४८ अंश. एक मीटर काठीची सावली ४० सेंटिमीटरवरून ९० सेंटिमीटर होते. लांब सावल्यांमुळे डोंगरांच्या घळी आणि सोंडा छायाचित्रात उठून दिसतात.

आता एक प्रयोग करा. ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेर दर रविवारी, एकाच जागेवरून, सकाळी ८ वाजता, त्याच डोंगरांचे छायाचित्र घ्या. मोबाइलचा कॅमेराही चालेल. पांढऱ्या धुक्याला कॅमेरा फसतो आणि ते राखाडी करून टाकतो. तेव्हा उजेड थोडा वाढवा. मात्र चित्र सुंदर दिसावे म्हणून धूसरपणा काढून टाकणारी सोय वापरू नका. तो धूसरपणाच तर तुमचा पुरावा आहे!

प्रत्येक चित्रात किती रांगा मोजता येतात आणि पडदा निळा आहे की पांढुरका, हे तारखेसह वहीत लिहा. आपल्या गावची हवा कशी बदलली, हे तुमची वही आणि ही चित्रे तुम्हांला सांगतील.