एकाच कुळातील दोन एंजिने

जुन्या वस्तूविषयी बोलताना ‘मूळ’ हे विशेषण आपण फार सैलपणे वापरतो. शब्दांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्यांना या सैलपणाचा त्रास नित्याचाच आहे. परंतु तो यंत्रांच्या क्षेत्रातही आढळतो, आणि तेथे त्याची तपासणी मोजपट्टी लावून करता येते, हे त्यातल्या त्यात सुख होय. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेल्या एम. जी. ए. या स्पोर्ट्‌स मोटारीत तिच्या पाठोपाठ आलेल्या एम. जी. बी. चे एंजिन बसविण्याची रीत हौशी मालकांत दीर्घकाळ रूढ आहे. हा बदल कोणत्या कारणाने साधतो व नेमका कोठे अडतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम कुळाचा विचार करू. ऑस्टिन आणि मॉरिस यांचा नफील्ड समूह १९५२ मध्ये एकत्र येऊन ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्यापूर्वीच्या एम. जी. मोटारींत मॉरिसच्या घरातील एंजिन असे. एम. जी. ए. ला मात्र ऑस्टिनच्या परंपरेतील ‘बी-सिरीज’ हे १४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन मिळाले. म्हणजे आज ज्याला ‘मूळ एंजिन’ म्हणून जपले जाते, ते या घराण्यात उसनेच आलेले होते. (आपल्याकडील अँबॅसडर मोटारही अनेक वर्षे याच १४८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनावर धावली, आणि पुढे तिच्यातही इसुझूचे मोठे एंजिन बसले.)

एम. जी. ए. चे एंजिन पुढे वाढत गेले. १९५९ मध्ये ते १५८८, १९६१ मध्ये १६२२, आणि १९६२ च्या एम. जी. बी. मध्ये १७९८ घन सेंटिमीटर झाले. ही वाढ कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. दट्ट्याची धाव चारही वेळी जवळजवळ ८९ मिलिमीटर एवढीच राहिली. वाढला तो केवळ सिलिंडरचा व्यास, सुमारे ७३ मिलिमीटरपासून ८० पर्यंत. आरंभीच्या ६८ अश्वशक्तीच्या जागी ९५ अश्वशक्ती आली, तरी एंजिनाचा बाहेरील आकार ओळखू येण्याइतका तोच राहिला. एका एंजिनाच्या जागी दुसरे बसते ते त्यांच्या शक्तीच्या सारखेपणामुळे नव्हे, तर ते शेजारच्या भागांना जेथे जेथे जोडले जाते त्या जागांच्या सारखेपणामुळे. येथे मराठीतील उसन्या शब्दांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘टेबल’ हा शब्द ‘टेबलावर’ असे सामान्यरूप घेऊन ‘घर’ शब्दाच्या रांगेत मुकाट्याने बसला. ‘रेडिओ’ला मात्र प्रत्यय जसाच्या तसा चिकटवावा लागतो. अर्थ कितीही परका असो, निर्णय होतो तो शब्दाच्या शेवटच्या वर्णापाशी.

एम. जी. बी. च्या आरंभीच्या एंजिनात क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती. असे एंजिन एम. जी. ए. मध्ये फारशी कुरकुर न करता बसते. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये बेअरिंगांची संख्या पाच झाली. क्रँकशाफ्टला अधिक आधार मिळाल्याने एंजिन टिकाऊ झाले, पण नेमके सांध्यांपाशीच अंतर पडले. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टच्या मागील भोकात टेकते. ते भोक आता मोठे झाल्याने मध्ये खास बुश घालावे लागते. फ्लायव्हील व मागील पत्रा यांचा मेळही नव्याने जमवावा लागतो. पुढील पत्र्याच्या आधारे एंजिन सांगाड्यावर टेकते, म्हणून जुन्या एंजिनाचा पत्रा काढून नव्याला लावतात. गमतीची अडचण फेरेमापकाची आहे. जुन्या मोटारीत त्याचा काटा कॅमशाफ्टवरून निघालेल्या केबलने फिरतो. पाच बेअरिंगांच्या एंजिनात ती सोयच नाही, कारण तोवर फेरेमापक विजेवर चालू लागला होता. परिणामी एंजिन उत्तम चालत असताना समोरचा काटा शून्यावर स्वस्थ बसून राहतो. त्याच तबकडीच्या आत विजेवर चालणारी यंत्रणा बसवून घेणे हाच मला त्यातला सभ्य मार्ग वाटतो.

बदल एंजिनापाशी थांबत नाही. एम. जी. ए. च्या १५०० व १६०० या मोटारींत शेवटच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे ४.३ फेरे पडतात, एम. जी. बी. मध्ये ३.९. मोठ्या एंजिनाला जुने प्रमाण निष्कारण धावावयास लावते, म्हणून पुष्कळजण तेही बदलतात. याहून गंभीर प्रश्न ब्रेकचा. १९५५ च्या मोटारीत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढील चाकांना डिस्क ब्रेक १९५९ च्या १६०० पासून आले. ड्रम ब्रेकच्या गाडीला ९५ अश्वशक्ती देऊन ब्रेक तसेच ठेवणे ही हौस नसून बेपर्वाई आहे.

एवढे झाल्यावर ती मोटार तीच राहिली काय? या प्रश्नाला ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाने दीर्घकाळ चक्क अंकांत उत्तर दिले. बदल केलेल्या गाडीने जुना नोंदणी क्रमांक राखावा की नाही हे ठरविण्यासाठी सांगाड्याला ५, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि एंजिनाला केवळ १ असे गुण योजिले होते. एकूण १४ पैकी मूळ सांगाड्यासह किमान ८ गुण आवश्यक असत. ज्या भागाला आपण मोटारीचे हृदय म्हणतो, त्याला सर्वांत कमी गुण. केवळ एंजिन बदललेल्या एम. जी. ए. चे १३ गुण शिल्लक राहत. गिअरबॉक्सही बदलला तरी ११.

संग्राहकांचा न्याय याहून कडक असतो. एम. जी. बी. च्या आरंभीच्या एंजिनाचा क्रमांक ‘१८जी’ने सुरू होतो, तर १९५५ च्या मोटारीच्या एंजिनाचा ‘१५जीबी’ने. पहिले दोन अंक घनफळ सांगतात, आणि जाणत्याला तेवढ्यावरून सारा इतिहास कळतो. म्हणून जुने एंजिन भंगारात न घालता तेल लावून कोपऱ्यात जपून ठेवण्याची जी चाल अनेक मालकांत आहे, ती मला शहाणपणाची वाटते. तीन बेअरिंगांच्या एंजिनाच्या बाबतीत तर ते परत बसविणे फारसे कठीणही नाही.