शिरूरचा मासा आणि कावेरीचा उच्चांक

पुणे जिल्ह्यातील शिरूर हे गाव घोड नदीच्या काठी वसले आहे. नदीच्या नावावरून लोक त्यास घोडनदी असेही म्हणतात. घोड नदी पुढे भीमेस मिळते. शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या शिवेवरून वाहणाऱ्या भीमेस मुळा-मुठेचे पाणीही येऊन मिळते. या नद्यांतील माशांचे शास्त्रीय वर्णन सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लिहिले गेले. त्या वर्णनातील एका नावामुळे पुढे शेकडो मैल दूर, कावेरीच्या खोऱ्यात, मोठा घोटाळा निर्माण झाला. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यास मुंबई सरकारने 1824 मध्ये दख्खनची माहिती व आकडे गोळा करण्याच्या कामावर नेमले. शेती, पाऊस व लोकसंख्या यांच्याबरोबरच साइक्स यांनी येथील पशुपक्ष्यांचा आणि माशांचाही अभ्यास केला. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी येथील लोकांच्या तोंडची नावेच घेतली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या एका माशाचे नाव त्यांनी 'खुदरी' असे नोंदले. शिरूरजवळ घोड नदीत मिळालेल्या दुसऱ्या एका माशाचे नाव त्यांच्या लेखणीतून 'मुसुल्ला' असे उतरले. हे वर्णन 1839 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु वर्णनाचा आधार असलेला शिरूरचा मासा कोणत्याही संग्रहालयात जतन झाला नाही. मागे राहिले ते केवळ शब्द.

खुदरी हा महसीर जातीचा मासा होय. मोठमोठे खवले, जाड ओठ आणि विलक्षण ताकद यांमुळे महसीर प्रसिद्ध आहे. गळाला लागलेला महसीर दोरी ओढीत प्रवाहात असा धाव घेतो, की काठी धरणाऱ्याची परीक्षाच होते. म्हणून गळाने मासे धरणाऱ्या शौकिनांत 'सर्वांत मोठा महसीर कोणी धरला?' या प्रश्नाला फार महत्त्व आले. 1906 मध्ये मरे एन्स्ली यांनी कावेरीत 104 पौंडांचा महसीर धरला. त्यानंतर मेजर रिव्हेट-कार्नाक यांनी 119 पौंडांचा मासा मिळविला. पुढे 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील डी वेट व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोग्रॅमचा, महसीर धरला. हाच महसीरचा उच्चांक मानला जातो. आधीच्या माशाहून तो अवघ्या एका पौंडाने जड होता.

आपल्याकडे म्हण आहे, 'मेल्या म्हशीला मणभर दूध.' हातून गेलेली वस्तू सांगताना मोठी होत जाते. माशांच्या बाबतीत हा मोह फारच अनावर असतो. मासा एक तर खाल्ला जातो, विकला जातो किंवा पुन्हा पाण्यात सोडला जातो. त्यामुळे पुरावा फार काळ टिकत नाही. म्हणून उच्चांक ठरविताना तीन प्रश्न विचारावे लागतात. मासा कोणत्या तराजूवर तोलला? तोलताना कोण हजर होते? आणि मासा नेमका कोणत्या जातीचा होता?

पहिल्या दोन प्रश्नांवरून परदेशांतही मोठे वाद झाले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने 1932 मध्ये 22 पौंड 4 औंसांचा बास मासा धरला. त्याने तो गावातील पोस्टाच्या तराजूवर तोलून घेतला व घरी नेला. घरच्यांनी तो मासा खाल्ला. एवढा मोठा बास खरोखरच मिळाला असेल काय, अशी शंका पुढे अनेकांनी घेतली. परंतु वजन तोलून नोंदविलेले असल्यामुळे उच्चांक टिकला. 2009 मध्ये जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून जेमतेम एक औंस जड मासा धरला. अशा उच्चांकांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाचा नियम असा, की 25 पौंडांहून हलक्या माशाने जुना उच्चांक निदान 2 औंसांनी ओलांडला पाहिजे. तराजूतील बारीक चूक कोणाच्या पदरी यश म्हणून पडू नये, हा त्यामागील हेतू. म्हणून पेरी व कुरिता या दोघांना बरोबरीचा मान देण्यात आला.

आर्ट लॉटन यांची गोष्ट याच्या उलट घडली. सेंट लॉरेन्स नदीत 1957 मध्ये त्यांनी धरलेल्या मस्केलंज माशाचे वजन 69 पौंड 15 औंस असल्याचे नोंदले गेले होते. पुढे छायाचित्रे बारकाईने तपासण्यात आली. चित्रातील मासा सांगितल्याएवढा मोठा नाही, असा निष्कर्ष निघाला आणि 1992 मध्ये हा उच्चांक रद्द झाला. पस्तीस वर्षे मान्य असलेली गोष्टही पुराव्यापुढे टिकली नाही.

कबिनीतील माशाच्या बाबतीत वाद उभा राहिला तो तिसऱ्या प्रश्नावरून. कावेरीच्या खोऱ्यातील हे प्रचंड मासे पाठीवर उंचवटा असलेले होते. त्यांचे शास्त्रीय नाव काय? 1943 मध्ये प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी ते मासे म्हणजे साइक्स यांचा 'मुसुल्ला' होय, असे मत मांडले. अशा रीतीने शिरूरच्या माशाचे नाव कावेरीच्या माशाला चिकटले. मूळ मासा समोर नसल्यामुळे ताडून पाहण्याची सोय नव्हती. घोड नदीचे पाणी भीमेतून कृष्णेस जाते. कबिनीचे पाणी कावेरीस मिळते. ही दोन खोरी वेगळी. एकविसाव्या शतकात अभ्यासकांनी साइक्स यांचे वर्णन नव्याने तपासले, तेव्हा शिरूरचा मुसुल्ला हा महसीर नसून दुसऱ्याच कुळीचा मासा आहे, असे त्यांना दिसून आले.

मग कावेरीचा महाकाय मासा कोणता? 2007 मध्ये केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून 'टॉर रेमादेवी' नावाच्या एका महसीरचे वर्णन झाले होते. पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा महसीर तोच होय, हे 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. उच्चांकाच्या माशाला त्याचे खरे नाव मिळण्यास बहात्तर वर्षे लागली. त्याच वर्षी ही जात अत्यंत संकटग्रस्त म्हणून जाहीर झाली.

नाव वेळेवर न समजल्यामुळे नुकसान झाले होते. 1970 नंतर लोणावळ्याजवळच्या मत्स्यबीज केंद्रात खुदरी महसीरची पैदास होऊ लागली. तेथील पिले चांगल्या हेतूने अनेक नद्यांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. मुळा-मुठेवरून ओळखला गेलेला हा मासा तेथे वाढला, आणि कावेरीचा स्वतःचा महसीर कमी होत गेला. सगळे महसीर सारखेच, अशा समजुतीमुळे हा फरक पुष्कळ काळ लक्षात आला नाही.

तो लक्षात आला, तो गळाने मासे धरणाऱ्यांच्याच वह्यांमुळे! कावेरीकाठच्या शिबिरांत येणारे शौकीन मासा धरून तोलीत, त्याची नोंद करीत आणि तो पुन्हा पाण्यात सोडीत. 1998 ते 2012 या काळातील या नोंदी अभ्यासकांनी एकत्र केल्या, तेव्हा उंचवट्याचा महसीर वर्षागणिक दुर्मीळ होत असल्याचे उघड झाले. त्या वह्यांत एकही उच्चांक नसता, तरी त्यांची किंमत कमी झाली नसती.

120 पौंडांचा आकडा माणसांना आश्चर्यचकित करतो, हे खरे. परंतु आश्चर्य ओसरल्यावर उपयोगी पडते ती खरी नोंद. मासा कोठे मिळाला, केव्हा मिळाला, किती भरला आणि कोणता होता, हे जो प्रामाणिकपणे लिहून ठेवतो, तो पुढच्या पिढीला नदीची खरी ओळख करून देतो.