उष्णतेची वाट

पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल टाकीतल्या साबणपाण्यात उभा धरायचा, मशीन अर्धा मिनिट चालवायचं आणि फॉइल उजेडाकडे करून बघायचा. लहरी जिथे नीट पोचतात तिथे बारीक भोकं पडतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मला दाखवलेल्या फॉइलवर तीन बाजूंना अशी भोकं होती आणि एक कोपरा कोरा होता. "ह्या कोपऱ्याखालचा गेलाय बगा," ते म्हणाले. मग टाकी रिकामी करून त्यांनी ती टेबलावर पालथी घातली.

ही अल्ट्रासोनिक टाकी गुजरीतल्या एका सराफाची. साज, ठुशी, चिताक घडवून झाले की पॉलिशचा मळ मण्यांच्या फटींत जाऊन बसतो. पूर्वी त्यासाठी रिठ्याचं पाणी आणि ब्रश असे, अजूनही असतात. पण ठुशीच्या मण्यांमागे ब्रशचे केस पोचत नाहीत. टाकीच्या तळाला चिकटवलेले ट्रान्सड्यूसर सेकंदाला चाळीस हजार वेळा कंप पावतात, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, त्या धक्क्याने मळ सुटतो. साजाची पानं आणि मणी आतून लाखेने भरलेले असतात, म्हणून त्यांच्यासाठी पाणी गरम करायचं नाही. मोती आणि पाचू या टाकीत घालायचेच नाहीत. हे गुजरीतल्या कारागिरांना पाठ असतं. टाकीच्या खालच्या बाजूला काय चाललंय, याकडे मात्र ती बंद पडेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही.

पालथ्या तळावर चार ट्रान्सड्यूसर होते. प्रत्येकात पीझो सिरॅमिकच्या दोन चकत्या, मागे पोलादाचा ठोकळा, पुढे पाण्याच्या बाजूला रुंद होत गेलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, आणि हे सगळं आवळून धरणारा मधला बोल्ट. ही रचना फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांची. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी त्यांनी ती वापरात आणली. आज ती दागिने धुते, प्लास्टिक जोडते, दवाखान्यातली अवजारं स्वच्छ करते.

या चकत्यांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिसं, झिरकोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडची ही सिरॅमिक भट्टीतून बाहेर येते तेव्हा तिच्यात पीझोचा गुण नसतो. तो नंतर घालावा लागतो. चकती गरम सिलिकॉन तेलात बुडवून तिच्यावर मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्टचा दाब दिला, की आतले विस्कळीत ध्रुव एका दिशेला वळतात आणि थंड झाल्यावर तसेच राहतात. म्हणजे चकतीत हा गुण उष्णतेच्या मदतीने येतो आणि उष्णतेनेच जातो. साधारण तीनशे अंश सेल्सिअसला तो पूर्ण नाहीसा होतो. म्हणून कारखानदार त्याच्या निम्म्यावरच थांबायला सांगतात, आणि त्याही आधी चिकटवलेला सांधा मऊ पडतो.

चकती तापते ती स्वतःच्याच कामाने. दिलेल्या विजेतला थोडा भाग प्रत्येक कंपनात आतच उष्णता होऊन राहतो, आणि सिरॅमिकमधून उष्णता वाहते अगदी मंद, ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याने. तापलेल्या चकतीची स्वाभाविक वारंवारता खाली सरकते. चारही ट्रान्सड्यूसर एकाच जनरेटरवर असतात. एक सुरातून उतरला तरी जनरेटर त्याला जुन्याच सुरात हाकत राहतो, तो आणखी तापतो, आणखी उतरतो.

मिस्त्रींनी टाकी स्टँडवर बसवली, पाणी भरलं आणि मशीन चालू करून खालून टेम्परेचर गन लावली. त्याआधी चारही ॲल्युमिनियम ठोकळ्यांवर त्यांनी काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवला. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो, समोरच्याच वस्तूंची परावर्तित करतो. गन त्यावर रोखली तर खोटाच कमी आकडा दाखवते. टेपवरचा आकडा खरा. तीन ठोकळे कोमट होते. चौथा काही मिनिटांतच साठीच्या पुढे गेला.

तो काढल्यावर कारण दिसलं. टाकी आणि ट्रान्सड्यूसर यांच्यामधल्या अराल्डाइटच्या थरात रुपयाएवढी पोकळी होती. कंप त्या हवेला थडकून परत मागे येत होता आणि उष्णतेलाही तिथून वाट नव्हती. चांगल्या सांध्यातून ध्वनी आणि उष्णता दोन्ही बरोबरच पाण्यात जातात. मशीनला पंखा कितीही मोठा लावा, हा सांधा वाईट असेल तर उपयोग नाही, हे माझं मत इथे पक्कं झालं. टाकीत पाणी कमी असताना मशीन चालवलं तरी हेच होतं, कारण ध्वनी घेणारं आणि उष्णता वाहून नेणारं पाणीच वर नसतं.

दुरुस्तीचा बहुतेक वेळ त्या सांध्यावरच गेला. जुना थर खरवडून तळ सँडब्लास्ट केला, ॲसिटोनने पुसला, मग त्याला बोट लावायचं नाही. अराल्डाइट कालवताना हवा मिसळू नये म्हणून मिस्त्री सावकाश, एकाच दिशेने ढवळत होते. थर पातळच हवा, कारण गोंद स्वतः उष्णतेचा वाईट वाहक असतो. ट्रान्सड्यूसर गोल फिरवत दाबला, कडेने सगळीकडे सारखा गोंद बाहेर आला, आणि रात्रभर क्लँप. "घाई केली की परत हितंच येतंय," एवढंच ते बोलले. जनरेटरचा बोर्ड आधी टाकीखालच्याच पेटीत होता आणि त्याची गरम हवा ट्रान्सड्यूसरवर जात होती. तो त्यांनी वेगळ्या पेटीत काढला.

हाच प्रश्न खिशातल्या मोबाइलमध्ये उलटा होऊन बसलेला आहे. फोनमधले फिल्टर पीझो पदार्थावर पळणाऱ्या ध्वनिलहरींनी हव्या त्या वारंवारता निवडतात. एका डेसिबलची घट म्हणजे आत आलेल्या शक्तीचा पाचवा हिस्सा वाया, आणि त्यातली बरीचशी उष्णता मिलिमीटरभर चिपमध्येच राहते. लिथियम टँटलेटच्या फिल्टरची वारंवारता दर अंशाला दहा लाखांत सुमारे चाळीस भागांनी खाली येते. दोन गिगाहर्ट्झच्या फिल्टरचं तापमान पन्नास अंशांनी वाढलं तर तो चार मेगाहर्ट्झ सरकतो, म्हणजे शेजारच्या पट्ट्यात शिरू शकतो.

टाकीत ध्वनी बाहेर जायला हवा असतो. फोनच्या फिल्टरमध्ये तो आत कोंडून ठेवायचा असतो आणि उष्णता तेवढी बाहेर काढायची असते. काही फिल्टरांत पीझो पदार्थाच्या पातळ पडद्याखाली मुद्दाम हवेची पोकळी ठेवतात. ध्वनी अडतो, पण उष्णताही अडते, तिला फक्त कडांनी निसटता येतं. दुसऱ्या पद्धतीत पोकळीऐवजी टंगस्टन आणि काचेचे एकाआड एक पातळ थर देतात. ते ध्वनी परतवतात, उष्णता मात्र त्यांतून खाली सिलिकॉनमध्ये उतरते. मला हा उपाय फार सुंदर वाटतो. लिथियम टँटलेटच्या बाबतीत तर जाड स्फटिकाऐवजी त्याचा पातळ पापुद्राच सिलिकॉनवर जोडतात. सिलिकॉन उष्णता जवळजवळ तीसपट चांगली वाहून नेतं, सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही दुप्पट. तिथेही सगळं अडतं ते सांध्यावरच. मिस्त्री गोंद धरावा म्हणून तळ खरबरीत करतात. फोनच्या चिपमध्ये दोन स्फटिक गोंदाशिवाय चिकटायचे, तर पृष्ठभागावरचा चढउतार एका नॅनोमीटरच्याही आत घासून आणावा लागतो.