चेहरा हाच शिक्का!

परदेशी निघालेल्या प्रवाशाला विमानापेक्षा अधिक धास्ती वाटते ती इमिग्रेशनच्या रांगेची. काचेमागचा अधिकारी पासपोर्टची पाने उलटतो, छायाचित्राकडे आणि समोरच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहतो, एखाद-दुसरा प्रश्न विचारतो आणि शिक्का उमटवतो. तो आवाज कानी पडला की जीव भांड्यात पडतो. गेली अनेक दशके चालत आलेली ही पद्धत आता झपाट्याने मागे पडत आहे. अधिकाऱ्याच्या जागी काचेची दोन दारे आली आहेत, त्याच्या नजरेचे काम कॅमेरा करतो आणि शिक्क्याची जागा संगणकातील नोंदीने घेतली आहे. कित्येकांना हा बदल सुखावह वाटतो. काहींना मात्र यंत्रासमोर उभे राहून, आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे लागते. हे यंत्र नेमके काय करते, कोठे चुकते आणि आपल्या चेहऱ्याचे पुढे काय होते, हे प्रवासाला निघण्यापूर्वी समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नाशिकचा कागद, नागपूरचा प्रारंभ

या व्यवस्थेचा पाया म्हणजे ई-पासपोर्ट. दिसायला तो नेहमीच्या पासपोर्टसारखाच असतो. परंतु त्यात एक चिप आणि तिच्याशी जोडलेला अँटेना बसवलेला असतो. मलेशियाने १९९८ मध्ये असा पासपोर्ट जगात सर्वप्रथम काढला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने अशा पासपोर्टचा आग्रह धरला आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ओळख पटवण्याचे जागतिक साधन म्हणून चेहऱ्याची निवड केली. बोटांचे ठसे आणि बुबुळे यांना पर्यायी स्थान मिळाले. यामागचा विचार सरळ होता. पासपोर्टवर छायाचित्र पूर्वीपासूनच होते, ते देण्यास कोणाचा आक्षेप नव्हता आणि चेहरा पाहण्यासाठी कोणत्याही वस्तूला स्पर्श करावा लागत नाही.

भारतात पहिला ई-पासपोर्ट जून २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला. मात्र तेव्हा ही सोय राजनैतिक पासपोर्टपुरतीच होती. सर्वसामान्य नागरिकांसाठी तिचा प्रायोगिक प्रारंभ व्हायला एप्रिल २०२४ उजाडावे लागले. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या कार्यालयांत भुवनेश्वरबरोबर आपले नागपूरही होते. या पासपोर्टच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूस सोनेरी रंगाचे लहानसे चिन्ह असते आणि त्याची छपाई नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात होते. जुना पासपोर्ट मुदत संपेपर्यंत वैध असल्याने, केवळ चिपसाठी तो बदलण्याची सक्ती नाही.

काचेच्या दोन दारांमध्ये

स्वयंचलित दारापाशी प्रवासी पासपोर्टचे छायाचित्राचे पान यंत्रावर उपडे ठेवतो. त्या पानाच्या तळाशी अक्षरे, आकडे आणि बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ चिन्हे असतात. यंत्र आधी त्या वाचते. त्यातील पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांपासून एक किल्ली तयार होते आणि तिनेच चिपचे कुलूप उघडते. बंद पासपोर्ट खिशात असताना कोणी येता-जाता चिप वाचू नये, म्हणून ही योजना. त्यानंतर चिपमधील मजकुरावरची संबंधित देशाची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते. मजकुरात कोणी एका अक्षराचा जरी फेरफार केला असेल, तरी ही स्वाक्षरी जुळत नाही.

मग पाळी येते चेहऱ्याची. कॅमेऱ्याने टिपलेल्या आणि चिपमध्ये साठवलेल्या अशा दोन्ही छायाचित्रांचे संगणक आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करतो आणि त्या मालिकांत किती साम्य आहे याला गुण देतो. गुण ठरावीक मर्यादेच्या वर गेले तर दार उघडते. खाली राहिले तर लाल दिवा लागतो आणि प्रवाशाला अधिकाऱ्याकडे जावे लागते. 'हा तोच माणूस आहे' अशी खात्री यंत्राला कधीच नसते. ते केवळ संभाव्यता सांगते. मर्यादा कोठे आखायची, हे माणसे ठरवतात. ती सैल ठेवली तर दुसऱ्याच्या पासपोर्टवर तोतया आत शिरेल. फार कडक केली तर प्रामाणिक माणूस अडेल. सीमेच्या रक्षणात पहिली चूक अधिक घातक मानली जात असल्याने दुसऱ्या चुकीचा भार साहजिकच प्रवाशावर येतो.

पासपोर्टचे प्लास्टिकचे वेष्टन, पान तिरके ठेवणे, टोपी, काळा चष्मा, कपाळावर आलेले केस, ठरलेल्या जागेपेक्षा एक पाऊल पुढे उभे राहणे अशा साध्या कारणांनीही गुण घसरतात. त्यात प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. त्या अवधीत वजन वाढते, दाढी येते किंवा जाते, दात पडतात, आजारपण चेहऱ्यावर आपली खूण ठेवून जाते. माणसाची नजर हे बदल सहज समजून घेते. यंत्राला ते समजेलच असे नाही.

दोन योजना, दोन वेगळी कामे

भारतात 'डिजियात्रा' आणि 'जलद इमिग्रेशन' या दोन योजनांची गल्लत अनेक जण करतात. डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसी येथे सुरू झाली. पुढच्याच वर्षी पुणे आणि मुंबई विमानतळांचा तीत समावेश झाला. ती देशांतर्गत प्रवाशांसाठी आखलेली आहे. विमानतळाचे प्रवेशद्वार, सुरक्षा तपासणी आणि विमानात चढण्याची जागा येथे कागदपत्रांऐवजी चेहरा चालतो. पासपोर्ट तपासणीशी तिचा संबंध नाही.

'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – विश्वासार्ह प्रवासी कार्यक्रम' ही केंद्रीय गृह मंत्रालयाची योजना मात्र थेट पासपोर्ट तपासणीची आहे. ती २२ जून २०२४ रोजी दिल्लीत सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी पाच ठिकाणी तिचा विस्तार झाला. भारतीय नागरिक आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्डधारक तिचा लाभ घेऊ शकतात. त्यासाठी आधी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. छाननीनंतर विमानतळावर किंवा विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागते. ही नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालते. विमान सुटण्याच्या दिवशी रांग पाहून अर्ज करावा म्हटले, तर ते जमणारे नाही.

स्वयंचलित दार सर्वांना सारखेच खुले असते, असेही नाही. ब्रिटनने मे २०१९ मध्ये अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, सिंगापूर आणि दक्षिण कोरिया या सात देशांच्या नागरिकांना आपली दारे खुली केली. त्यात भारत नव्हता. विश्वास माणसाच्या चेहऱ्यावर नव्हे, तर त्याच्या हातातील पासपोर्टच्या रंगावर ठरतो, हा अनुभव आपल्या प्रवाशांना नवा नाही. याउलट सिंगापूरने २०२४ मध्ये चांगी विमानतळावरील स्वयंचलित मार्गिका परदेशी पाहुण्यांनाही पूर्वनोंदणीशिवाय वापरू दिल्या आणि तेथील रहिवाशांना तर पासपोर्ट दाखवण्याचीही गरज ठेवली नाही.

युरोपची नवी नोंदवही

युरोपातील २९ देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश व निर्गमनाची नवी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने लागू करण्यास सुरुवात केली आणि १० एप्रिल २०२६ ही ती पूर्णत्वास नेण्याची तारीख ठरवली. पासपोर्टवरील शिक्क्याची जागा घेण्यासाठीच ही पद्धत आहे. व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या प्रवाशांना सीमेवर चेहऱ्याचे छायाचित्र आणि चार बोटांचे ठसे द्यावे लागतात. भारतीयांचे ठसे व्हिसाच्या अर्जाबरोबरच घेतलेले असल्याने त्यांची सीमेवर केवळ पडताळणी होते आणि चेहरा मात्र नव्याने टिपला जातो. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत. छायाचित्र किंवा ठसे देण्यास नकार दिल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करता येत नाही, हा नियम जुनाच आहे. पूर्वी पुसट शिक्क्यांवरून दिवस मोजले जात. आता संगणक मोजतो. मुला-नातवंडांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनी परतीचा दिवस अंदाजाने न ठरवता मोजूनच ठरवावा. जर्मनी किंवा नेदरलँड्ससारख्या देशांत निवास परवान्यावर राहणाऱ्यांना ही पद्धत लागू नाही.

ठशांचा प्रश्न आपल्याकडे निराळा आहे. शेतात, बांधकामावर किंवा भांडी घासण्यात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा न उमटल्याने रिकाम्या हाती परतण्याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. परदेशातील मुलाला भेटायला निघालेल्या अशा मातापित्यांपुढे तोच पेच विमानतळावर उभा राहू शकतो. शारीरिकदृष्ट्या ठसे देणे अशक्य असलेल्यांना युरोपच्या नियमांत सूट आहे. पण ती आपल्याला मिळू शकते, हे ठाऊक असायला हवे.

यंत्र चुकते तेव्हा

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने ९९ निर्मात्यांच्या १८९ संगणकीय पद्धतींची तपासणी प्रसिद्ध केली. दोन भिन्न व्यक्तींना एकच मानण्याची चूक आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत, पद्धतीनुसार, गोऱ्या चेहऱ्यांच्या दहा ते शंभर पट आढळली. स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले यांच्याबाबतही चुका अधिक होत्या. मात्र चीनमध्ये विकसित झालेल्या काही पद्धती पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत इतक्या चुकत नव्हत्या. म्हणजे दोष चेहऱ्यांचा नसून, यंत्राला शिकवताना कोणते चेहरे दाखवले गेले याचा परिणाम असावा, असे हा अहवाल सुचवतो. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्या आशियाई वंशाच्या एका तरुणाचे छायाचित्र संगणकाने 'डोळे मिटलेले आहेत' असे सांगून नाकारले होते. त्याचे डोळे उघडेच होते.

या चुकीचे दोन अर्थ होतात. काचेच्या दारात एका चेहऱ्याची तुलना एकाच छायाचित्राशी होते; तेथे ही चूक तोतयाच्या पथ्यावर पडते. परंतु एका चेहऱ्याची तुलना संशयितांच्या मोठ्या यादीशी केली, तर त्याच चुकीने निरपराध माणूस संशयित ठरू शकतो.

संपूर्ण यंत्रणाच कोलमडण्याचे प्रसंगही घडले आहेत. ७ मे २०२४ च्या सायंकाळी ब्रिटनभरातील स्वयंचलित दारे काही तास बंद पडली आणि हीथ्रोसह अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या लांबच लांब रांगा लागल्या. यंत्रावर भिस्त ठेवून माणसे कमी केली, तर अशा वेळी काय होते याचा हा धडा होता.

चेहरा बदलता येत नाही

चोरीला गेलेला परवलीचा शब्द बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. म्हणून तो कोणाकडे आणि किती काळ राहतो, हा कळीचा मुद्दा आहे. विमान सुटल्यानंतर चोवीस तासांत माहिती पुसली जाते, असे डिजियात्राचे चालक सांगतात. युरोपच्या नव्या पद्धतीत नोंद साधारणपणे तीन वर्षे राहते. अमेरिका आपल्या नागरिकांची सीमेवर टिपलेली छायाचित्रे बारा तासांत काढून टाकते, परकीयांची मात्र ७५ वर्षांपर्यंत ठेवू शकते. २६ डिसेंबर २०२५ पासून तेथे सर्व परकीयांचे छायाचित्र येताना आणि जाताना घेण्याचा नियम लागू झाला. पूर्वी चौदा वर्षांखालील आणि ७९ वर्षांवरील व्यक्तींना असलेली सूट त्यात उरली नाही.

साठवलेली माहिती सुरक्षित राहतेच असे नाही. २०१९ मध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या एका उपकंत्राटदाराकडून प्रवाशांची सुमारे १ लाख ८४ हजार छायाचित्रे चोरीस गेली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु सुरक्षेच्या कारणास्तव सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा या कायद्यात आहे आणि विमानतळ हे तर सुरक्षेचेच ठिकाण. डिजियात्रा ऐच्छिक आहे. तरीही प्रवेशद्वारापाशी पुरेशी कल्पना न देता चेहरा टिपला गेल्याच्या तक्रारी २०२४ च्या सुरुवातीला पुढे आल्या होत्या. गर्दीच्या वेळी, मागे रांग ताटकळत असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, याचा विचार व्हायला हवा.

प्रवाशाने आपल्या परीने काही काळजी अवश्य घ्यावी. पासपोर्टचे वेष्टन आधीच काढावे. चेहऱ्यात मोठा बदल झाला असल्यास जुने ओळखपत्र जवळ ठेवावे. पुढच्या विमानासाठी पुरेसा वेळ राखावा. लाल दिवा लागला तर घाबरून पुन:पुन्हा प्रयत्न न करता अधिकाऱ्याकडे जावे. तो दिवा गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

मात्र सगळी जबाबदारी प्रवाशावर टाकून चालणार नाही. नाकारले गेल्याचे कारण समजणे, ते ऐकून घेणारा अधिकारी जवळच असणे आणि चेहरा न देता जाण्याचा मार्ग, जेथे तो कायद्याने खुला आहे तेथे, फलकावर ठळकपणे लिहिलेला असणे या मागण्या अवाजवी नाहीत. यंत्राने रांग जरूर कमी करावी. पण सत्तरीतली एखादी आजी पहिल्यांदाच परदेशी निघाली असता दार उघडले नाही, तर 'आजी, इकडे या' म्हणणारे माणूस तेथे असलेच पाहिजे.