पेल्यातला तांबूस गाळ

सावेडीत आमच्या परिचयाच्या एका घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा गृहस्थ आला. त्याने दोन पेले मागितले. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत विजेच्या सळया बुडविल्या. थोड्याच वेळात नळाचे पाणी तांबूस, गढूळ झाले. यंत्राचे मात्र स्वच्छ राहिले. "बघा ताई, तुम्ही पोराबाळांना हे पाजता!" ताईंनी त्याच दिवशी हप्त्यावर यंत्र घेतले. घरात कमावता एकच.

आम्ही पडलो वकील. पुरावा समोर आला की उलटतपासणी घेतल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. तो गाळ पाण्यातला नव्हता, सळईतला होता! वीज वाहिली की लोखंडी सळई झिजते आणि गंज पाण्यात उतरतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते. आरओ यंत्र क्षार काढून टाकते, म्हणून त्या पेल्यात काहीच घडत नाही. जंतूंचा या खेळाशी काडीचाही संबंध नाही.

मग करावे काय? यंत्राआधी पाणी ओळखावे. नगर शहराला मुळा धरणाचे पाणी विळदला शुद्ध होऊन वसंत टेकडीवरून मिळते. त्याला येणारा क्लोरीनचा वास हा दोष नव्हे, संरक्षण आहे. धोका पुढे असतो. फुटक्या जलवाहिनीत गटार मिसळते, घरात साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. अशा पाण्याला खळखळून उकळी आणणे पुरते. मग झाकण ठेवावे आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच पाणी घ्यावे. उकळलेल्या पाण्यात हात बुडविला तर गॅस फुकट जळाला! तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

बोअरचे पाणी हे वेगळे प्रकरण. त्यातले क्षार आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटते तसे दाट होतात. शासनाच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. नायट्रेटची मर्यादा ४५. याहून जास्त निघाले तर आरओचा विचार जरूर करावा. पण ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ वापरण्यास बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितले होते, कारण या यंत्रातून बरेचसे पाणी मोरीत जाते. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात ही चैन कोणाची?

थंडगार जारविषयी एवढेच, की गारवा म्हणजे शुद्धता नव्हे. जारवर परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख नसेल तर तो परत पाठवावा.

शुद्ध पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात म्हटले आहे. ज्या समाजाला १९२७ मध्ये पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला आणि १९३७ पर्यंत कोर्टात लढावे लागले, त्याने नळाला घाण पाणी आले तर लेखी तक्रार द्यायला आणि तिची पोच मागायला कचरू नये.

खोटा प्रयोग दाखवून माल विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्कही नाही. ताईंचा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे. अडचण एकच. त्या गृहस्थाने पावती दिलेली नाही, आणि ताईंनीही मागितली नाही.