पाठमोऱ्या चंद्राच्या आडोशाला

गेल्या काही वर्षांतील भौतिकशास्त्राच्या संशोधनाचा आढावा घेऊ जाता असे दिसते, की वृत्तपत्रांनी ज्या घटनांना पहिल्या पानाचा मान दिला त्यांची यादी आणि ज्ञानाच्या खात्यावर ज्यांची खरोखर जमा झाली त्यांची यादी, या दोन्ही क्वचितच जुळतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण गोलार्धात, सुमारे ६९ अंश अक्षांशावर, ‘विक्रम’ हा भारताचा लँडर अलगद उतरला, तो क्षण साऱ्या देशाने डोळ्यांत प्राण आणून पाहिला. परंतु पुढे पंधरवड्याच्या आत तेथे जी मोजणी झाली तिची वाच्यता फारशी झाली नाही. ‘चेस्ट’ नामक उपकरणाची, दहा तापमापक जडवलेली एक सळई तेथील मातीत सुमारे १० सेंटीमीटर शिरली. ती जागा सूर्याकडे अवघी ६ अंश कललेली होती, आणि तेवढ्या कलाने पृष्ठाचे तापमान ८२ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. मीटरभर पलीकडच्या सपाट जागी मात्र ते ५९ अंशांच्या आसपासच राहिले. इतक्या अल्प उताराने एवढा फरक पडत असेल, तर सूर्याकडे पाठ करून ध्रुवाकडे वळलेल्या तीव्र उतारांवर बर्फ पृष्ठाखाली थोड्याच खोलीवर टिकून राहू शकेल, हे अनुमान ओघानेच आले. आणि त्यासाठी थेट ध्रुवावरील चिरांधाऱ्या विवरांतच उतरले पाहिजे ही सक्ती बरीचशी सैल झाली.

‘विक्रम’मधून उतरलेल्या ‘प्रज्ञान’ या बग्गीने १०३ मीटरांच्या वाटेवर २३ ठिकाणी माती तपासली. ती बहुतांशी एकाच जातीची, फिकट अनॉर्थोसाइटची, निघाल्याने बाल्यावस्थेतील चंद्रावर शिलारसाचा महासागर होता या मतास दक्षिणेकडूनही साक्ष मिळाली. चीनच्या ‘चांग-ई ६’ने जून २०२४ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची सुमारे १,९३५ ग्रॅम माती प्रथमच पृथ्वीवर आणली, आणि तीतील बेसाल्टचे वय २८० कोटी वर्षे ठरले, म्हणजे त्या बाजूचे ज्वालामुखीही चांगलेच उशिरापर्यंत जागे होते.

आदिविश्वाच्या मुलखात सध्या अंमल आहे तो जेम्स वेब दुर्बिणीचा. महास्फोटानंतर तीस कोटी वर्षे भरण्यापूर्वीच्या दीर्घिका तिने दाखविल्या, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी तिच्याच प्रतिमांतून ‘अलकनंदा’ ही नीटस सर्पिल भुजांची दीर्घिका शोधून काढली. विश्वाचे वय तेव्हा जेमतेम दीड अब्ज वर्षांचे होते. या प्रौढ दीर्घिका पाहून महास्फोटाचा सिद्धान्त कोसळल्याची आवई काहींनी उठविली. त्या सिद्धान्तावर ज्यांनी आयुष्यभर साधार शंका घेतली ते डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले; त्यांच्या शंकेमागे गणित असे, या आवईमागे नाही. चुकला आहे तो, माझ्या मते, दीर्घिकांच्या वाढीचा आपला हिशेब. त्यापेक्षा गंभीर इशारा ‘डेसी’ या दीर्घिका-सर्वेक्षणाच्या २०२५ मधील निष्कर्षांत आहे: सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वासार मोजून, विश्वाचे प्रसरण वाढविणारी कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे ते सुचवितात. पुरावा अद्याप कायम झालेला नाही.

मला स्वतःला या काळातील सर्वांत स्पृहणीय काम वाटते ते एका नकाराचे. २०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘एजेस’ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास, पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनची खूण सापडल्याचे जाहीर केले. ती अपेक्षेच्या दुपटीहून ठळक असल्यामुळे कृष्णद्रव्याविषयी नवनव्या उपपत्तींचे पेवच फुटले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने खातरजमेसाठी ‘सारस’ हा अँटेना २०२० साली कर्नाटकातील दंडिगनहळ्ळीच्या तलावात व शरावतीच्या फुगवट्यावर तराफ्यावर तरंगत ठेवला. जमिनीचे ओले-कोरडे थर अँटेनाखाली असले की लहरी विषमपणे परततात आणि नसलेल्या खुणेचा भास होतो. खोल पाणी मात्र सर्वत्र सारखे असते. तेथे ती खूण उमटलीच नाही. २०२२ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला, आणि ९५ टक्क्यांहून अधिक निश्चितीने ‘एजेस’चा दावा फेटाळला गेला.

हायड्रोजनची ती लहर मुळात २१ सेंटीमीटरची. विश्वाच्या प्रसरणाने ताणत ती कित्येक मीटर लांब होते आणि नेमकी एफएम केंद्रांच्या शेजारात येऊन पडते, तर ताऱ्यांच्याही पूर्वीच्या अंधारयुगातील लहरी पृथ्वीच्या आयनांबरामुळे विद्रूप होतात, नाहीतर अडतात. म्हणून विश्वशास्त्रज्ञांची नजर आता चंद्राच्या पलीकडच्या बाजूकडे लागली आहे, जेथे पृथ्वीवरील साऱ्या प्रक्षेपणांना सबंध चंद्रगोलाचाच आडपडदा मिळतो. रामन संस्थेचा चंद्रकक्षेतील ‘प्रत्युष’ हा योजिलेला उपग्रह याच हेतूचा आहे. परंतु ‘चांग-ई ६’ची माती आणण्यासाठीदेखील तिकडे संदेशवाहक उपग्रह धाडावाच लागला, आणि संदेश म्हटला की रेडिओचा गोंगाट आलाच. चंद्राआडचे हे क्षेत्र रेडिओ खगोलशास्त्रासाठी निर्वेध राखावे असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा नियम आहे. तो झाला तेव्हा त्या बाजूस कोणी अलगद उतरलेलेच नव्हते, आणि उतरणाऱ्यांची रीघ लागल्यावर त्याची अंमलबजावणी कोणी कोणावर करायची, याचा फैसला अद्याप व्हायचा आहे.