मधलं दार बुजवा, व्हॅट वाचवा

लंडनच्या जुन्या भागांत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली विटांची रो हाऊसं ओळीनं उभी आहेत. एका कुटुंबासाठी बांधलेल्या अशा अनेक घरांचे पुढं मजलेवार फ्लॅट झाले. तिकडं स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या मनात घराचे असे फ्लॅट करण्याचा बेत असेल, तर कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन हातात आल्यावर आकड्याआधी व्हॅटचा दर पाहावा.

ब्रिटनमध्ये जुन्या घराच्या दुरुस्तीवर व्हॅट २० टक्के. तेच घर जमिनीपर्यंत पाडून नवं बांधलं तर शून्य. आणि घर उभं ठेवून त्यातल्या बिऱ्हाडांची संख्या बदलली तर ५ टक्के. पाडणाऱ्याला बक्षीस आणि जपणाऱ्याला दंड, असा हा उफराटा न्याय आहे. वास्तुरचनाकार रिचर्ड रॉजर्स यांच्या समितीनं १९९९मध्येच नव्या-जुन्या कामांना सारखा दर लावा, असं सुचवलं होतं. २००१मध्ये मिळाली ती ही ५ टक्क्यांची सवलत. दुरुस्ती आहे तिथंच राहिली.

सवलत मात्र लहान नाही. करपात्र बिल १ लाख २० हजार पौंडांचं असेल तर २० टक्क्यांनी २४ हजार होतात, ५ टक्क्यांनी फक्त ६ हजार. गंमत म्हणजे संख्या वाढायलाच हवी असं नाही. तीन फ्लॅटचं पुन्हा एक घर केलं तरी दर ५ टक्केच. संख्या बदलली पाहिजे, एवढंच.

खरी मेख आहे ती स्वतंत्र घर कशाला म्हणायचं यात. फ्लॅट स्वयंपूर्ण हवा, स्थानिक परिषदेची परवानगी हवी आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये आतून थेट जाता येता कामा नये. समजा, पुण्याहून आईबाबा येणार म्हणून तळमजला वेगळा केला; स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं दिलं, पण रात्री-अपरात्री हाक मारली तर खाली जाता यावं म्हणून जिन्याखालचं दार ठेवलं. त्या एका दारापायी कायद्याच्या लेखी ते घर एकच राहतं, आणि दर २० टक्के. दार बुजवलं, तरी ‘हा भाग स्वतंत्र विकता येणार नाही’ अशी अट परवानगीत असली की पुन्हा तेच. म्हणून परवानगीचा कागद अटींसकट शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

सवलतीच्या कामातही सगळंच सवलतीत बसत नाही. भिंती, छप्पर, प्लंबिंग, वायरिंग, किचनची बसवलेली कपाटं यांना ५ टक्के; पण सामान कॉन्ट्रॅक्टरनं आणून बसवलेलं असावं. तुम्हीच दुकानातून फरश्या आणल्यात तर २० टक्के मोजा. आर्किटेक्टची फी, गालिचे, बेडरूममधली बहुतेक बसवलेली कपाटं आणि बाग यांनाही २० टक्केच. परांचीचंही तेच: ती बांधण्या-उतरवण्याची मजुरी असो की नुसतं भाडं, २० टक्केच.

तयार फ्लॅट विकताना व्हॅट लागत नाही, याचा आनंद फार करू नये. ती विक्री करमुक्त असते, शून्य दराची नसते. त्यामुळं बांधकामावर भरलेला व्हॅट परत मागता येत नाही, तो खर्चातच जातो. अपवाद दहा वर्षं कुणीच न राहिलेल्या घराचा. त्याचे फ्लॅट करून मालकी किंवा २१ वर्षांहून लांबचा भाडेपट्टा पहिल्यांदा विकला, तर विक्री शून्य दरात बसते आणि व्हॅटसाठी नोंदणी असलेल्या विकसकाला भरलेला कर परत मिळतो. घर रिकामं होतं याचा पुरावा म्हणून परिषदेच्या अधिकाऱ्याचं पत्र चालतं.

राहिला कॉन्ट्रॅक्टर. सवय म्हणून किंवा भीतीपोटी तो सरसकट २० टक्के लावू शकतो. जास्तीचा व्हॅट करखातं तुमच्या हातात परत देत नाही. बिल दुरुस्त करून घ्यायचं ते कॉन्ट्रॅक्टरकडूनच. तेव्हा दर कामाआधी लेखी ठरवून घ्यावा. शेवटचा हप्ता मिळाल्यावर तो फोन उचलेलच, असं नाही.